तलंग की कोंबडा?

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे कितीतरी घरांत अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हाती राहतात. दारावर घेतलेल्या दहा पिल्लांत सात कोंबडे निघाले, तर तोटा तिचाच.

एका दिवसाचे पिल्लू पाय धरून उलटे टांगले की नर-मादी कळते, यावर आमचा विश्वास नाही. टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो, हेही खरे नाही. उबवणी केंद्रात शेपटीखाली तपासून ओळखतात, पण त्याला सरावलेला हात लागतो. घरी पाच-सहा आठवडे थांबावे. एका वयाची, एका जातीची पिल्ले शेजारी धरा. ज्याचा तुरा आधी वाढून लाल होतो आणि पाय जाड दिसतात, तो बहुधा नर. असीलमध्ये मात्र तुरा मुळातच बसका, तिथे घाई नको. (असील हा शब्द अरबी, अर्थ अस्सल.) खात्री तिसऱ्या महिन्यात पटते. कोंबड्याच्या मानेची, कमरेची पिसे अरुंद, टोकदार, चकाकणारी. तलंगेची गोल टोकाची.

जातीचे नाव ऐकून पैसे मोजू नका. काळी पिसे म्हणजे कडकनाथ नव्हे. जीभ व कातडीही काळी हवी, आणि संकराच्या पिल्लांतही ती काळी येते. जावातल्या बांतेन बंदराचे नाव लावलेली बुटकी बँटम तर लहानपणी ओळखणे आणखी अवघड. आईबाप दाखवा म्हणावे. माहीत असून कोंबडा तलंग म्हणून विकणे म्हणजे ऐब लपवणे, ती कमाई हलाल कशी?

दहा तलंगांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे हंडीत.