आम्लाला दाद न देणारे पोलाद

शेफिल्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून क्रोमिअम घातलेल्या पोलादाचे नमुने तपासत होते. पोलादाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तर चकचकीत केलेल्या तुकड्याला आधी नायट्रिक आम्ल लावावे लागते. सुमारे १३ टक्के क्रोमिअमचे पोलाद मात्र आम्लाला दाद देईना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसानेही डाग पडेना, तेव्हा हे पोलाद सुऱ्यांना उत्तम, हे ब्रिअर्लींनी ओळखले.

म्हणजे स्टेनलेसची ओळख पटली तीच आम्ल चालले नाही म्हणून. आज सुऱ्या घडवणारे कारागीर त्याच पोलादावर आम्लाने एकसारखी करडी झाक आणतात. हे साधले त्याचे श्रेय मी आम्लापेक्षा पोलादालाच जास्त देईन.

सुरुवातीला स्टेनलेसच्या पात्यावर आम्लाचे काम बहुधा नाममुद्रेपुरते होते. तेवढ्या जागेत थोडे फिके-गडद झाले तरी खपून जाई. अख्खे पाते बुडवण्याची ओढ वाढली ती अमेरिकेत, १९७३ साली सुऱ्या घडवणारे बिल मोरन यांनी थरांची नक्षी दाखवणाऱ्या दमास्कस पोलादाच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या त्यानंतर. ते साधे कार्बनचे पोलाद. फेरिक क्लोराइडचे आम्लधर्मी द्रावण त्याला लगेच खाते. तीच रीत स्टेनलेसला लावली, की पाते कोडासारखे चट्टे घेऊन बाहेर यायचे.

स्टेनलेसला वाचवणारा क्रोमिअमच्या ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. तो एके ठिकाणी फुटला आणि शेजारी शाबूत राहिला, की चट्टा पडलाच. बोटाचा तेलकट ठसाही त्याला पुरतो. म्हणून पाते पॉलिश पेपरने ताजे घासायचे, ॲसिटोनने पुसायचे, हातमोजे चढवायचे आणि वर पाणी ओतून पाहायचे. पाणी कुठेही न तुटता सलग पसरले, तरच पुढे जायचे; थेंब जमले तर पुन्हा धुवायचे. मग थर नव्याने घट्ट होण्याआधी पाते पातळ केलेल्या कोमट फेरिक क्लोराइडमध्ये उभे टांगायचे, मधूनमधून बाहेर काढून वरची काजळी पुसायची आणि पुन्हा बुडवायचे. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात उरलेले आम्ल मारायचे. पुसायचा कंटाळा केला, की काजळीखाली आम्ल नीट पोचत नाही. सगळे बिनसते ते बहुधा इथेच.

एवढे करूनही ४४०-सी सारख्या जुन्या पोलादाचा पृष्ठभाग खरबरीत निघे. त्यातले क्रोमिअम कार्बाइडचे मोठे कण आम्लाला बधत नाहीत, भोवतालचे पोलाद मात्र खाल्ले जाते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत क्रूसिबल कंपनीने आणि स्वीडनमध्येही वितळलेल्या पोलादाची वायूच्या झोताने भुकटी करून, ती उष्णतेने व दाबाने पुन्हा घट्ट करायची पद्धत बाजारात आणली. भुकटीचा प्रत्येक कण झटकन थंड होतो, त्यामुळे कार्बाइड बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. आम्लालाही मग सगळीकडे सारखेच काम मिळते.

१९९० च्या दशकात स्वीडनच्या सॉडरफोर्स गावी डॅमस्टील कंपनीने याच भुकटीतून स्टेनलेस दमास्कस बनवले. त्यातल्या दोन पोलादांपैकी एकात मॉलिब्डेनम जास्त. ते आम्लात उजळ राहते आणि दुसरे काळवंडते. ब्रिअर्लींना जो प्रतिकार दिसला होता, तोच इथे कमी-जास्त करून नक्षी काढली जाते.

या कामाची एक बाजू अजून दुर्लक्षित आहे. वापरून झालेल्या द्रावणात क्रोमिअम उतरलेले असते, कधी निकेलही. ते मोरीत ओतायचे नाही. बंद डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचे.