डोहाळे आणि कष्ट : स्त्रीगीतांतील गर्भवतीचा देह

मराठी स्त्रीगीतांत गर्भवती प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटते : डोहाळेजेवणाच्या गीतांत आणि जात्यावरच्या ओवीत. पहिल्या ठिकाणी ती झोपाळ्यावर किंवा फुलांच्या वाडीत बसलेली असते. तिने काही करावयाचे नसते, केवळ मागावयाचे असते. ओवीतील स्त्री मात्र गाता गाता दळत असते. दोन्ही गीतप्रकार स्त्रियांचेच, आणि पुष्कळदा एकाच घरातले. त्यामुळे त्यांतील विरोध सहसा नजरेआड होतो.

डोहाळ्यांच्या कल्पनेला शास्त्राचे जुने अधिष्ठान आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यातील गर्भिणीस दोन हृदयांची, म्हणून 'दौहृदिनी' म्हटले आहे. तेथेच तिला व्यायाम, उपासमार, रात्रीचे जागरण आणि उकिडवे बसणे वर्ज्य सांगितले आहे. आता खुरपणी उकिडवे बसूनच होते, भाताची लावणी कमरेत वाकून होते आणि दळणासाठी पहाटेपूर्वी उठावे लागे. शास्त्राने जे निषिद्ध मानले, तोच कष्टकरी स्त्रीचा दिनक्रम होता. हा निषेध ज्या घरास उद्देशून आहे, तेथे काम करावयास दुसरे कोणी आहे हे गृहीत धरलेले दिसते.

'पूर्वीच्या बायका दळत-कांडत, म्हणून सुखरूप बाळंत होत' हे विधान आजही ऐकू येते. त्यात अर्धेच तथ्य आहे. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते, हृदयाचे काम वाढते, सांध्यांचे बंध सैल होतात. अशा वेळी बेताची हालचाल हितकर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, गुंतागुंत नसल्यास, आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सुचविली. परंतु जड ओझी उचलणे किंवा दीर्घकाळ उभे राहणे यांचा संबंध अकाली प्रसूतीशी आढळला आहे. व्यायाम आणि कष्ट यांत स्नायू तेच राबतात. भेद आहे तो थांबण्याच्या अधिकाराचा. फिरावयास निघालेली स्त्री दमली की परतते. दळणारी पीठ पुरेसे झाल्यावर उठते.

ओवीच्या घडणीतही हे जाणवते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. गाण्याने श्रम थांबत नाहीत, ते पुढे ढकलले जातात. थकव्याचा थेट उच्चार तेथे त्या मानाने कमी, माहेरची आठवण मात्र वारंवार येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या संग्रहाकडे या दृष्टीने पाहण्यास पुष्कळ वाव आहे.

ओवीने जे आडून सांगितले, ते बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये उघड येते. तेथील बाळंतपण उपासमारीपासून वेगळे काढता येत नाही. डोहाळ्यांना तेथे जागा उरत नाही. गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळावी, यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. शेतमजूर स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

बहुतेक घरांतून जाते गेले, ओवीही विरळ झाली. ऊसतोडीच्या फडात मात्र नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकाचा खाडा झाला की भुर्दंड दोघांवर पडतो, म्हणून पोटुशी बाईही मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे चालते.