रोगापेक्षा इलाज भयंकर!

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु रोगी दगावला, या वाक्यात पूर्वी डॉक्टरांची थट्टा असे. आज ते थट्टेवारी नेण्याजोगे राहिलेले नाही. घरून न आणलेला, रुग्णालयातच जडलेला आणि औषधास दाद न देणारा जंतू रोग्याचा घात करतो, ही गोष्ट आता अपवादात्मक नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्यू पावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. वार्धक्य, मधुमेह, निकामी मूत्रपिंडे, खचलेली प्रतिकारशक्ती या गोष्टी रोगी बरोबर घेऊन येतो; त्यास रुग्णालयाचा नाइलाज आहे. परंतु उरलेली कारणे माणसाच्याच हातची आहेत. नुकत्याच घेतलेल्या प्रतिजैविकांनी आतड्यांतील निरुपद्रवी जंतू मरतात व त्यांची जागा निगरगट्ट जंतू बळकावतात. अतिदक्षता विभागात वाढणारा प्रत्येक दिवस या धोक्यात भर घालतो. मूत्रनलिका, श्वासनलिका, शिरेतील नळी या जीव वाचविण्यासाठीच घातलेल्या असतात. पण त्यांवर जंतूंचा चिकट थर साचतो व त्यात औषध पुरेसे शिरत नाही. आणि हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे नेण्याचे काम न धुतलेले हात करतात! क्लोरिनच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवावयास लावून सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नात बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी केले होते. तो धडा आजही आमच्या अंगवळणी पडलेला नाही.

अत्यवस्थ रोग्याच्या बाबतीत अहवालाची वाट पाहता येत नाही, प्रभावी औषध ताबडतोब द्यावे लागते, असे डॉक्टर म्हणतात. आणि ते खरे आहे. परंतु पहिल्या डोसापूर्वी रक्ताचा नमुना घेणे आणि दोन-तीन दिवसांनी अहवाल येताच नेमक्या जंतूपुरतेच औषध ठेवणे, अथवा ते थांबविणे, यास कोणाची आडकाठी आहे?

अनेक महत्त्वाची प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत व विक्रीची नोंद ठेवावी, हा नियम २०१४ पासून अमलात आहे. केवळ कागदावरील नियमाने जंतू भीत नाहीत. आपल्या येथे जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावे, आणि शासनाने हे बंधनकारक करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. ही नळी आज हवीच काय, हा प्रश्न प्रत्येक खाटेपाशी रोज विचारला जावा. हात धुण्यास उसंत मिळेल इतक्या परिचारिका नेमल्या जाव्यात. नागरिकांनीही साध्या पडशासाठी डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरू नये.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच या संकटाची सूचना दिली होती. अज्ञानाची सबब आता कोणालाच सांगता येणार नाही.