हिजाब
हिजाब : मुस्लिम स्त्रियांचे केस व मान झाकणारे शिरोवस्त्र, व्यापक अर्थाने मर्यादशील वेश. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पडदा किंवा आडोसा असा असून कुराणात (३३ : ५३) तो याच अर्थाने आला आहे. पोशाखासंबंधीची प्रमुख वचने दोन आहेत : खिमार (ओढणी) वक्षस्थळावर ओढून घ्यावी (२४ : ३१) आणि जिलबाब (अंगावरून घ्यावयाचे वस्त्र) लपेटून घ्यावा (३३ : ५९). दृष्टी संयत ठेवण्याची आज्ञा त्याआधी पुरुषांनाही (२४ : ३०) केलेली आहे. परंपरागत धर्मशास्त्रज्ञ केस झाकणे हे कर्तव्य मानतात. चेहरा झाकण्याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. फातिमा मेर्निसी या मोरोक्कन विदुषीने ही वचने तत्कालीन मदीनेतील परिस्थितीच्या संदर्भात तपासली.

धार्मिक अपेक्षा आणि व्यक्तीची निवड यांत राज्यसत्ता उतरली म्हणजे काय होते, हे इराणच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९३६ मध्ये रेझा शाहने आधुनिकीकरणाच्या नावाखाली चादर व शिरोवस्त्र यांवर बंदी घातली. पोलीस रस्त्यात चादरी ओढून काढीत. त्यामुळे अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९४१ मध्ये शाह पदच्युत झाल्यावर ही सक्ती संपली. १९७८ च्या आंदोलनात, एरवी चादर न वापरणाऱ्या अनेक सुशिक्षित स्त्रियांनी राजवटीच्या निषेधार्थ ती पांघरली. तथापि मार्च १९७९ मध्ये हिजाबसक्तीची चिन्हे दिसताच तेहरानमध्ये स्त्रियांनी मोठी निदर्शने केली. १९८३ च्या कायद्याने हिजाब न वापरणे दंडनीय ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाल्यावर देशभर उठाव झाला.

भारतात हिजाबची कायदेशीर सक्ती नाही. येथे वाद उद्भवला तो शिक्षणसंस्थांतील मनाईवरून. कर्नाटकातील मनाई तेथील उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये वैध ठरविली. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले : हेमंत गुप्ता यांनी मनाई ग्राह्य मानली, तर सुधांशू धूलिया यांनी हा अखेरीस निवडीचा प्रश्न असल्याचे मत देऊन मुलींच्या शिक्षणास महत्त्व दिले.

हिजाब वापरण्यामागे श्रद्धा, कुटुंबाची रीत, समाजाचा दबाव अथवा स्वतःची ओळख जपण्याची इच्छा यांपैकी एक वा अनेक कारणे असू शकतात. त्यामुळे केवळ वस्त्रावरून स्त्रीच्या स्वातंत्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही. ते वापरण्याची व न वापरण्याची, अशा दोन्ही वाटा तिला दंडाच्या भीतीवाचून खुल्या आहेत किंवा नाहीत, हीच त्याची खरी कसोटी होय.