सॉलिसिटर बाळासाहेब खेर

सॉलिसिटर हा कोर्टांत गर्जणारा वकील नव्हे. दस्तऐवजांतील फट हेरून ती बुजविणें हें त्याचें काम. रत्नागिरीस १८८८ सालीं जन्मलेले बाळ गंगाधर खेर याच धंद्यांतले. मुंबईची ‘मणिलाल खेर’ ही पेढी त्यांच्याच भागीदारीची. सत्याग्रहांत तुरुंगवास घडला. १९३७ सालीं ते मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी मुख्य प्रधान झाले, १९३९ सालीं मंत्रिमंडळासह बाहेर पडले आणि १९४६ सालीं परत आले.

त्यांच्या कारकीर्दींत कायदे पुष्कळ झाले. परंतु थेट माजघरांत शिरला तो १९४६ चा हिंदु द्विभार्याप्रतिबंधक कायदा. ‘मूल होत नाहीं’ एवढ्या सबबीवर सवत आणण्याची वाट त्यानें बंद केली. लग्न लावणारासही त्यांत शिक्षा होती. कांहीं भटजींस ती झोंबली असल्यास नवल नाहीं! प्रांताबाहेर जाऊन बोहल्यावर चढण्याची पळवाटही एका कलमानें बुजविली होती. तें कलम पुढें न्यायालयांत टिकलें नाहीं, हें खरें. पण मूळ कायदा मुंबई हायकोर्टांत छगला व गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनीं १९५१ सालीं वैध ठरविला. १९५५ सालीं हिंदु विवाह कायद्यानें हीच बंदी देशभर लागू केली, तेव्हां बाळासाहेब हयात होते.