छातीतली कळ अंगावर काढू नका

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी लागली आणि आपले वागळे इस्टेट थांबले. एमआयडीसीच्या या पहिल्या औद्योगिक वसाहतीतली यंत्रे बंद पडली, तीन हात नाक्यावरची वाहनांची गर्दी गेली, धूर कमी झाला. त्याच काळात देशभरच्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्णही कमी येऊ लागले. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 187 रुग्णालयांची आकडेवारी तपासली. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी कमी भरती झाले होते.

मग झटकेच कमी झाले का? थोडेफार झाले असावेत. धुरातले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, फुप्फुसात खोलवर जातात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्तदाब वाढतो, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हवा स्वच्छ झाली की हृदयावरचा हा भार हलका होतो.

पण तेवढ्याने तीनातला एक रुग्ण नाहीसा होत नाही. बरेच जण झटका येऊनही घरीच राहिले. दवाखान्यात गेलो तर कोरोना होईल ही भीती, लोकल आणि रिक्षा बंद, रोजगार बुडालेला, आणि सिव्हिल हॉस्पिटल कोविडसाठी राखीव. इटलीत काय झाले ते पाहा. मार्च 2020 मधल्या एका आठवड्यात तिथे झटक्याचे रुग्ण जवळजवळ निम्मेच आले; पण मोठा झटका येऊन जे आले, त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण आदल्या वर्षाच्या सुमारे तिप्पट झाले. उशिरा पोचणे हे त्याचे एक मोठे कारण. म्हणजे रुग्णालयातली खाट रिकामी दिसली म्हणून वस्ती निरोगी आहे, असे समजू नये.

टाळेबंदी संपली, धूर परत आला. दुखणे अंगावर काढायची सवय मात्र आपल्या घरांत आधीपासूनच आहे. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे, मळमळ: यातले काहीही अचानक सुरू झाले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. लगेच 108 ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, जिना चढायला लावू नका. किसन नगर, इंदिरानगरच्या अरुंद गल्लीत गाडी आत येत नसेल, तर एकाने मुख्य रस्त्यावर उभे राहावे, दोघांनी रुग्णाला खुर्चीत बसवून बाहेर आणावे. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे उपचार मिळतात, तिथे ही कागदपत्रे लागतात.

हवेसाठीही आपल्या हातात काही आहे. गल्लीत कचरा आणि प्लॅस्टिक जाळू देऊ नका. घरात विडी-सिगारेट नको. कारखान्याचा धूर वस्तीत येत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दहा-वीस घरांनी मिळून सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टाळेबंदीत धूर थांबला तेव्हा आपला रोजगारही थांबला होता. आपल्याला काम हवे आणि श्वास घेण्याजोगी हवाही हवी. दोन्ही मागणे हा आपला हक्क आहे.

108 हा आकडा आजच दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि घरातल्या मुलांनाही पाठ करायला लावा.