साथीच्या काळातील शाळा : शिक्षकाची शिदोरी

शाळा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एरवी कुणाच्या मनात येत नाही. घंटा वाजते, प्रार्थना होते, हजेरी घेतली जाते व दिवस सुरू होतो. परंतु मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळांची दारे बंद झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकास शोधावे लागले. इमारत नाही, फळा नाही, समोर मुले नाहीत. मग शाळेचे म्हणून जे उरते ते कोणते? युनेस्कोच्या गणनेनुसार त्या वर्षी साथ भरात असताना जगातील सुमारे दीडशे कोटी विद्यार्थी वर्गाबाहेर होते. आमच्या गोमंतकात दहावी-बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा भरू लागले. लहान मुलांना मात्र फेब्रुवारी २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. पहिलीत नाव घातलेले मूल वर्गातल्या बाकावर प्रथम बसले ते थेट दुसरीत, असेही घडले.

त्या दिवसांच्या कष्टांचे वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळात शिक्षकांच्या हाती कोणती साधने होती, त्यांपैकी कोणती उपयोगी पडली आणि पुढे कधी साथीमुळे, पुरामुळे वा अन्य कारणाने शाळा बंद ठेवावी लागलीच तर काय करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. ही माहिती शिक्षकांसाठी आहे हे खरे. परंतु बंद शाळेचा अर्धा भार घरच उचलते. यास्तव पालकांनी व विद्यार्थ्यांनीही ती वाचावी.

पूर्वीचे धडे

साथीने शाळा बंद पडण्याचा प्रसंग नवा नव्हे. १८९६-९७ साली मुंबई व पुणे प्रांती प्लेगने हाहाकार केला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करीत असता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. शिक्षकाचे कर्तव्य पाठ्यपुस्तकापाशी संपत नाही, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराचे. १९३७ च्या सप्टेंबरात तेथे पोलिओची साथ पसरली आणि शाळा सुमारे तीन आठवडे उशिरा उघडल्या. त्या अवधीत शहराच्या शिक्षणखात्याने तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांना चक्क रेडिओवरून शिकविले. पाठ अवघ्या पंधरा मिनिटांचा असे. कोणत्या इयत्तेचा पाठ किती वाजता, हे वर्तमानपत्रांतून छापून येई. शंका विचारण्यासाठी दूरध्वनीची सोय होती. तरीही ज्या घरी रेडिओ नव्हता किंवा ज्याचा आवाज नीट येत नव्हता, ती मुले मागे राहिलीच.

या प्रयोगात तीन गोष्टी दिसून येतात. पाठ लहान असावा; वेळ आधी कळावी; आणि ज्याच्यापाशी यंत्र नाही त्याचा विचार आरंभीच व्हावा. ८३ वर्षांनी आम्हांस हेच तीन धडे नव्याने गिरवावे लागले.

हाती असलेली साधने

२०२० साली साधनांची तशी वाण नव्हती. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ सालीच सुरू झालेला होता. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या धड्याची चित्रफीत वा स्वाध्याय समोर येतो. पुस्तकांना असे कोड जोडण्याच्या कामी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले अग्रेसर होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांस वाटून दिली, हे अनेकांना स्मरत असेल. मे २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ योजना जाहीर झाली व पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एक दूरदर्शन वाहिनी ठरली. एनसीईआरटीने एप्रिल २०२० पासून पर्यायी शैक्षणिक दिनदर्शिका काढल्या. घरी इंटरनेट नसेल तर साध्या फोनने वा संदेशाने मुलाला कसे मार्गदर्शन करावे, हेही त्यांत सांगितले होते. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ हा उपक्रम निघाला.

त्याच महिन्यात ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. पहिली ते आठवीसाठी दिवसाकाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका व नववी ते बारावीसाठी चार, अशी मर्यादा त्यांत होती. पुष्कळ पालकांस ही मर्यादा म्हणजे आळस वाटला. वस्तुतः ती विचारपूर्वक घातलेली होती. वर्गात मूल मान वळविते, शेजाऱ्याकडे पाहते, फळ्याशी उठून जाते. पडद्यासमोर मात्र डोळे व मन एकाच बिंदूवर खिळलेले राहतात आणि लौकर थकतात.

ज्याच्यापाशी काही नाही त्याचे काय?

साधने होती, पण ती पोहोचली कुणाकडे? ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १४०० गरीब कुटुंबांची पाहणी केली. त्यांत नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरी भागात शेकडा २४ आणि ग्रामीण भागात शेकडा ८ एवढीच आढळली. आमच्याकडे सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत मोबाइल असूनही ‘रेंज’ मिळेना, म्हणून मुले टेकडी चढून जात. एका घरात एक मोबाइल, तो वडिलांसोबत कामावर, आणि घरी शिकणारी भावंडे तिघे, हे चित्र गावोगावी होते.

अशा वेळी साध्या उपायांनीच खरे काम केले. झारखंडातील दुमका जिल्ह्यात डुमरथर गावी घरांच्या मातीच्या भिंतींवर फळे रंगविण्यात आले. प्रत्येक मूल आपल्या फळ्यापाशी अंतर राखून बसे आणि शिक्षक मधून फिरत शिकवीत. कर्नाटकात ऑगस्ट २०२० पासून ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक वस्तीवर जाऊन देवळाच्या सभामंडपात वा झाडाखाली छोट्या गटांस शिकवू लागले. संसर्गाच्या भयाने ऑक्टोबरात ती थांबवावी लागली व जानेवारी २०२१ मध्ये नव्या नियमांनिशी शाळेच्या आवारात पुन्हा सुरू झाली. गट लहान असणे व हवा मोकळी असणे या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात, हा त्यातील बोध होय.

सर्वांत उद्बोधक प्रयोग आफ्रिकेतील बोट्स्वाना देशातला. तेथे सुमारे साडेचार हजार कुटुंबांत एक पाहणी झाली. काहींना आठवड्यास एक लेखी संदेश, काहींना संदेशासह शिक्षकाचा सुमारे वीस मिनिटांचा फोन. नुसत्या संदेशाने फारसे काही साधले नाही. परंतु फोन येणाऱ्या मुलांचे अंकगणित निश्चितपणे सुधारले. फोन साधाच होता, इंटरनेट लागले नाही. मुलाशी कुणीतरी स्वतः बोलले, हीच त्यातील किमया.

वर्गशिक्षकाने काय करावे?

या सर्वांचा विचार करून काही सूचना मांडीत आहोत.

पहिली सूचना यादीची. शाळा सुरू असतानाच वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी कोणता फोन आहे, तो केव्हा घरी असतो, रेंज मिळते की नाही, वाचून दाखविणारे मोठे माणूस आहे की नाही, याची नोंद एका वहीत करून ठेवावी. शाळा बंद झाल्यावर ही माहिती जमविणे दुरापास्त होते.

दुसरी सूचना आठवड्याच्या कागदाची. प्रत्येक मुलास दर आठवड्यास एक छापील कागद मिळावा. तो वाण्याच्या दुकानात, पंचायतीत किंवा रेशनच्या दुकानी ठेवता येतो. त्यावर रोजचे एक काम असावे आणि ते घरातील वस्तूंवरच व्हावे : सरळ बाजूच्या डब्यात पडलेला पाऊस पट्टीने मोजून आठवड्याचा तक्ता करणे, आजीला एखाद्या पदार्थाची कृती विचारून ती मराठीत लिहिणे, वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून तिचा सारांश तीन वाक्यांत सांगणे.

तिसरी सूचना फोनची. प्रथम पाच मिनिटे घरची विचारपूस. मग दहा मिनिटे एकच उदाहरण. ‘४८ काजूबिया सहा जणांत सारख्या वाटायच्या, प्रत्येकाला किती?’ असे विचारून मुलाला रीत मोठ्याने सांगावयास लावावी. उत्तर चुकले तर लगेच बरोबर उत्तर सांगू नये. कोठे अडले ते ऐकावे. शेवटची पाच मिनिटे आईवडिलांशी बोलावे व पुढील आठवड्याचे काम सांगावे. चाळीस मुलांच्या वर्गात रोज आठ फोन केले, तर पाच दिवसांत वर्ग पुरा होतो.

चौथी सूचना भाषेची, आणि ती आमच्या भागास विशेष लागू आहे. कोंकणी बोलणाऱ्या घरांतील मुलाच्या कानी शुद्ध मराठी पडते ती मुख्यतः शाळेत. शाळा बंद झाली की हा झराच आटतो. यावर घरची भाषा दूर सारणे हा उपाय नव्हे. उलट तिच्यावरूनच पूल बांधावा. वहीत दोन रकाने करावेत : उदक–पाणी, भुरगें–मूल, रांदप–स्वयंपाक. गोष्ट कोंकणीत ऐकावी व मराठीत लिहावी. रोज एक पान मोठ्याने वाचावे, मग ऐकणारे घरचे धाकटे भावंड का असेना.

पाचवी सूचना हवेची. करोनाचे विषाणू बंद खोलीतील हवेत रेंगाळतात. म्हणून वर्ग भरलाच तर दारेखिडक्या सताड उघड्या असाव्यात. शक्य तेथे ओसरी वा मांडव बरा.

सहावी सूचना शिक्षकाच्या स्वतःच्या प्रकृतीची. रात्री दहा वाजेपर्यंत मोबाइलवर उत्तरे देणारा शिक्षक महिनाभरात थकून जातो. संपर्काची वेळ ठरवून ती पालकांस सांगावी आणि पाळावी.

शाळा उघडल्यानंतर

दारे उघडली म्हणजे साथीचे परिणाम संपले, असे नव्हे. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा २७.३ होते, २०२२ साली ते २०.५ वर उतरले. २०२४ साली ते पुन्हा २७.१ झाले. घसरण भरून निघते, हे यावरून सिद्ध होते. परंतु ती आपोआप भरून निघत नाही. पुस्तकाचे पान जेथे राहिले तेथून पुढे जाण्यापेक्षा मूल जेथे राहिले तेथून पुढे जाणे, हाच मार्ग होय. आठवीतील मुलास अपूर्णांक येत नसतील, तर बहुधा त्याचा भागाकार कच्चा असतो; आणि भागाकार कच्चा असेल तर पाढे तपासावेत. रोज एक तास इयत्तेनुसार न बसवता मुलांच्या तयारीनुसार गट करून शिकविले असता पुष्कळ लाभ होतो, असा ‘प्रथम’ संस्थेचा अनुभव आहे.

आणखी एक काम हजेरीपटाचे. काही मुले शाळा उघडल्यावर परत आलीच नाहीत. कुणी मासेमारीस लागले, कुणी काजूच्या कारखान्यात, कुणी धाकट्यांना सांभाळावयास घरी राहिली. पटावरील नावापुढे सलग आठवडाभर खूण पडली नाही, तर शिक्षकाने त्या घरी जावे. कोणत्याही मंचावर, कोणत्याही वाहिनीवर या कामास पर्याय उपलब्ध नाही.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या शेजारी असे एखादे मूल असेल तर त्याचे नाव वर्गशिक्षकांस सांगा, आणि ते परत आले की त्याला आपली वही द्या. पालकहो, वरील यादीसाठी शिक्षक विचारावयास येतील तेव्हा त्यांना खरी माहिती द्या. घरी मोबाइल नाही हे सांगण्यात काहीही कमीपणा नाही. त्या एका ओळीमुळेच तुमच्या मुलाचा आठवड्याचा कागद वेळेवर घरी पोहोचेल.